खाडी ओलांडली की तिकीट वाढते

सीएसएमटीहून कल्याण ५४ किलोमीटरवर, पनवेल ४९. पनवेल जवळचे, तरी सेकंड क्लासचे तिकीट वर्षानुवर्षे कल्याणला १५ रुपये आणि पनवेलला २० रुपये. डबे तसेच, गर्दी तशीच. फरक पडतो तो मानखुर्द सोडून गाडी खाडीपुलावर चढते तिथे.

लंडन-न्यूयॉर्कसारखे भाड्याचे झोन मुंबईच्या लोकलला नाहीत. आपल्याकडे भाडे किलोमीटरच्या टप्प्यांवर ठरते. पण सिडकोच्या अधिभाराने खाडीपलीकडे एक अघोषित झोन तयार केला. मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी १९७० साली सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. खाडीपलीकडे नवी मुंबई वसवायची तर रेल्वे हवीच, म्हणून मार्गाचा ६७ टक्के खर्च सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलायचा, असे ठरले. १९९२ मध्ये मानखुर्द-वाशी गाडी धावली, १९९८ मध्ये पनवेल आले, २००४ मध्ये ठाणे-वाशी. उरणपर्यंत लोकल पोचायला २०२४ उजाडले. सिडकोने घातलेला पैसा परत यावा म्हणून इथल्या तिकिटांवर आणि पासांवर अधिभार बसला.

त्या काळी हा उपाय समजण्यासारखा होता. अधिभार नसता तर कदाचित रेल्वेही लांबली असती. पण रेल्वेतून सिडकोला जे मिळाले ते फक्त तिकिटातून मिळाले का? रेल्वे आली आणि सिडकोच्या भूखंडांचे भाव चढले. वाशी आणि बेलापूरच्या स्टेशनांवर ऑफिसांची संकुले उभी राहिली, सीवूड्सच्या स्टेशनावर मॉल झाला. ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ असे छापून बिल्डरांनी फ्लॅट विकले. म्हणजे घर घेणाऱ्याने स्टेशनची किंमत घराच्या किमतीतच मोजली होती. तीच किंमत त्याच्याकडून पासातून पुन्हा घेतली गेली, हा सरळसरळ अन्याय आहे. आणि भाड्याच्या खोलीत राहणारी घरकामाची बाई किंवा तुर्भ्याच्या बाजारातला माथाडी? त्यांना भूखंडांच्या भाववाढीतला छदामही मिळाला नाही, अधिभार मात्र चुकला नाही. पाच रुपयांनी काय होते, असे विचारणाऱ्यांनी एका घरात तीन पास काढून पाहावेत.

भाड्याच्या प्रश्नावर रेल्वे हलत नाही, असे मात्र नाही. २० जून २०१४ रोजी प्रवासी भाड्यात १४.२ टक्के वाढ जाहीर झाली. महिन्याचा पास तोवर साधारण १५ एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात मिळे. तो ३० फेऱ्यांवर नेण्याचे ठरले. पास दुपटीहून महागणार म्हटल्यावर मुंबईत संताप उसळला. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, खासदार दिल्लीला धावले आणि २४ जूनला पास पुन्हा १५ फेऱ्यांवर आला. उपनगरी सेकंड क्लासची भाडेवाढही मागे घेतली गेली, पण ८० किलोमीटरपर्यंतच. नेरळ ८६ किलोमीटरवर, कर्जत १००, कसारा १२१. डहाणू तर त्याहूनही लांब. परवडणारे घर शोधत जे सर्वांत दूर गेले, तेच या सवलतीच्या रेषेबाहेर राहिले.

न्यूयॉर्कमध्येही हाच झगडा झाला. क्वीन्स हा शहराचाच भाग, तरी तिथून लाँग आयलंड रेल रोडने मॅनहॅटनला जायला सबवेच्या कितीतरी पट भाडे पडे. २००४ मध्ये ‘सिटी तिकीट’ नावाची सवलत आली, तीही शनिवार-रविवारपुरती. प्रवाशांच्या प्रतिनिधींनी मागणी लावून धरली; २०२२ मध्ये ती कामाच्या दिवसांतल्या कमी गर्दीच्या वेळांना लागू झाली आणि ऐन गर्दीच्या वेळेला २०२३ मध्ये. तिथे दोन दशके लागली.

नवी मुंबईतल्या प्रवाशांची अधिभार रद्द करण्याची मागणी जुनीच आहे. तिच्यासोबत दुसरी मागणी जोडायला हवी: हिशेबाची. प्रत्येक मार्गासाठी सिडकोने किती पैसे घातले, तिकिटांतून किती परत आले, स्टेशनांवरच्या बांधकामांतून आणि भूखंडांतून किती मिळाले, हे सिडको आणि रेल्वेने एकत्र जाहीर करावे. ज्या मार्गाची वसुली पूर्ण झाली असेल, तिथे अधिभाराला जागा नाही. तुमच्या दारी मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडे, तो कुठल्याही पक्षाचा असो, हा हिशेब मागा.