राणीच्या बागेतली निवृत्त मंडळी

मुंबईत जन्म काढलेल्या माणसाने राणीची बाग पाहिली नाही असे होत नाही, आणि त्या बागेतले पुतळे पाहिले असेही सहसा होत नाही. मीही त्यातलाच. लहानपणी वाघ-सिंह पाहायला गेलो, पुढे मुलांना माकडे दाखवायला नेले. परवा नातीने पेंग्विनचा हट्ट धरला, म्हणून पुन्हा भायखळ्याला जाणे झाले.

खरे सांगायचे तर त्या दिवशी मलाच घरातून सुटका हवी होती. आमची चाळ पाडून तिथे टॉवर व्हायचा आहे. सामानाची आवराआवर चालली असता माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची 'रावसाहेब' किताबाची सनद सापडली. साल 1930. त्याच साली त्यांचे सख्खे धाकटे भाऊ मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले होते. त्या धाकट्या आजोबांची तसबीर आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. दर दिवाळीला तिला नवा हार पडतो. सनद मात्र वडिलांनी जन्मभर ट्रंकेच्या तळाशी ठेवली. सूनबाईने विचारले, "बाबा, हे रद्दीत घालू? पाच वाजता रद्दीवाला येणार आहे."

"घाल," म्हणालो आणि नातीला घेऊन बाहेर पडलो.

पेंग्विन पाहून झाले. मग डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात सावली शोधली, तोच नात ओरडली, "आजोबा, केवढा घोडा!"

पाहतो तो आमचा काळा घोडा! वडिलांचे बोट धरून फोर्टात मी तो मूळ जागी पाहिला होता. घोड्यावरचे गृहस्थ म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेले युवराज. ते 1875 साली मुंबईला आले, त्याची आठवण म्हणून आल्बर्ट ससून यांनी हा पुतळा दिला आणि 1879 साली तो उभा राहिला. मुंबईकरांनी नाव ठेवले ते मात्र घोड्याचे! 1965 साली पुतळा इकडे आला, नाव तिकडेच राहिले. 2017 साली तिथे नवा काळा घोडा बसवला, तोही स्वाराविना.

जवळपास आणखी मंडळी होती. व्हिक्टोरिया राणी, वेलस्ली, कॉर्नवॉलिस. कोणाचे नाक गेलेले, कोणाचा हात. कॉर्नवॉलिसवर एके काळी घुमटी होती. लोक त्याला हार-फुले वाहत आणि त्या जागेला 'छोटे देवळ' म्हणत. उलट राणीच्या संगमरवरी पुतळ्याला 1896 साली चापेकर बंधूंनी डांबर फासले, गळ्यात जोड्यांची माळ घातली. दामोदरपंतांनी आपल्या आत्मवृत्तात ते स्वतःच लिहून ठेवले आहे. एकाला फुले, एकीला डांबर. आता दोघांवर कावळे सारख्याच समतेने बसतात.

"यांना टाकून का नाही दिलं?" नातीने विचारले.

मला उत्तर सुचेना. मी तिला शेजारच्या दगडी हत्तीकडे नेले. हा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटले. 1814 साली याची मान तुटून पडली. 1864 साली याला इंग्लंडला न्यायची खटपट झाली, तीत बिचाऱ्याचे तुकडे झाले. ते या बागेत येऊन पडले आणि 1914 साली जोडून हत्ती पुन्हा उभा केला. नातीने त्याच्या अंगावरचे सांधे न्याहाळले. "म्हणजे ज्यांनी मोडला त्यांनीच जोडला?" म्हणाली.

"हो, पण मध्ये पन्नास वर्षे गेली."

"आणि तुकडे तेवढी वर्षं कोणी फेकले नाहीत?"

मी घड्याळ पाहिले. सव्वाचार! कुल्फीचे आश्वासन मोडून टॅक्सी केली. लालबागला नेहमीप्रमाणे वाहने तुंबलेली. माझा जीव नुसता वरखाली होत होता. ज्या कागदाकडे सत्तर वर्षांत ढुंकून पाहिले नाही, त्याच्यासाठी!

जिना चढलो तेव्हा गॅलरीत रद्दीवाल्याचा काटा लागला होता. गठ्ठा अर्धा उपसल्यावर सनद मिळाली. एक कोपरा दुमडला होता, एवढेच.

"बाबा, आता ही कुठं लावायची?" सूनबाई म्हणाली. तिच्या आवाजात नव्या घराच्या भिंतींची काळजी होती.

"लावायची नाही. धाकट्या आजोबांच्या शेजारी बसण्याचा तिचा मान नाही. पण माळ्यावरही जायची नाही."

नातीने तोवर कागद हातात घेतला होता. "रावसाहेब म्हणजे काय हो, आजोबा? आणि हे तुमच्या आजोबांना का दिलं?"

वडिलांना हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. विचारला असता तर त्यांनी काय सांगितले असते कोण जाणे. मी सौ.ला चहा टाकायला सांगितला, नातीला जवळ बसवले आणि दोन्ही भावांची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागलो.