अक्कलदाढेचे बिऱ्हाड

आधीच भरलेल्या खोलीत उशिराचा पाहुणा शिरावा, तशी अक्कलदाढ येते. बहुधा वयाच्या 17 ते 25 वर्षांत. जबड्यात जागा नसली की ती आडवी वाढते, नाहीतर अर्धीच वर येते आणि तिच्यावर हिरडीचा पदर तसाच राहतो. सारी मेख या पदरात! त्याखाली अन्नाचे कण कुजतात आणि हिरडी सुजते.

गेल्या वर्षी आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या घरी चकल्या तळल्या जात होत्या आणि पुतणीला तोंड उघडेना. आजीने लवंग दिली, शेजारच्या काकूंनी गाल शेकायला सांगितले. लवंगेने ठणका घटकाभर दबतो, हे खरे. शेक मात्र मी देऊ दिला नाही, त्याने सूज वाढू शकते. कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा बऱ्या.

रात्री कसकस आली. सकाळी घाटीच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय गाठले. तेथे क्ष-किरण चित्र काढले, पदराखालची घाण धुतली आणि सूज ओसरल्यावर दाढ काढली. पुढचे 24 तास थुंकणे नाही, चुळा नाहीत, नळीने सरबत ओढणे नाही. जखमेतली रक्ताची गुठळी निघाली तर हाड उघडे पडते, आणि तो ठणका दाढेहून वाईट!

सरळ आलेली, ब्रश पोहोचणारी दाढ खुशाल राहू द्यावी. मात्र ताप आला, जबडा आखडला, तर त्याच दिवशी दंतवैद्य गाठावा. गिळणे वा श्वास जड झाला, तर तडक इस्पितळ.