केन्याची धुतलेली कॉफी

पूर्व आफ्रिकेतील केन्या या देशात अरेबिका कॉफीच्या पिकलेल्या फळांची साल, गर व बियांवरील चिकट थर पाण्याच्या साहाय्याने काढून मग बी वाळवितात. अशा कॉफीस ‘धुतलेली कॉफी’ म्हणतात. भारतात धुतलेल्या अरेबिकाला ‘प्लांटेशन’ ही व्यापारी संज्ञा आहे. एकाच मळ्यातील माल इतरत्र न मिसळता विकला, तर तो त्या मळ्याच्या नावाने ओळखला जातो.

इतिहास व वाण : फ्रेंच मिशनऱ्यांनी १८९३ च्या सुमारास टाइटा टेकड्यांतील बुरा येथे कॉफी लावली. पुढे नैरोबीच्या परिसरात यूरोपीयांचे मोठे मळे झाले. आफ्रिकी शेतकऱ्यांना मात्र १९३० नंतरच्या दशकापर्यंत या पिकाची मुभा नव्हती. १९५४ च्या स्विनर्टन योजनेनंतर त्यांची लागवड झपाट्याने वाढली. स्कॉट प्रयोगशाळेने निवडलेले एसएल-२८ व एसएल-३४ हे वाण स्वादासाठी प्रसिद्ध आहेत. तथापि ते फळांवरील करपा व तांबेरा या रोगांना बळी पडतात. म्हणून रुइरू-११ (१९८५) व बाटियन (२०१०) हे रोगप्रतिकारक वाण प्रसारित करण्यात आले.

प्रक्रिया : माउंट केन्या व ॲबर्डेअर पर्वताच्या उतारांवरील तांबड्या ज्वालामुखीजन्य जमिनीत, सु. १,४०० ते २,००० मी. उंचीवर हे पीक येते. फळे एकाच वेळी पिकत नसल्याने तोडणी अनेकदा करावी लागते. तोडलेली फळे त्याच दिवशी यंत्रात घालून साल व गर अलग करतात. बियांवरील पेक्टिनयुक्त थर पाण्यात विरघळत नाही. तो सुटा होण्यासाठी बी टाक्यांत आंबत ठेवतात. मूठभर बी पाण्यात चोळल्यावर खड्यांप्रमाणे खरखरीत लागले, म्हणजे आंबणे पूर्ण झाले असे समजतात. ते लांबल्यास बियांना दुर्गंध येतो आणि असे थोडे दाणेही संपूर्ण मालाची चव बिघडवितात. नंतर वाहत्या पाण्याच्या पन्हळीत बी धुतात. तेथे जड दाणे तळाशी बसून हलक्यांपासून वेगळे होतात. पुष्कळ ठिकाणी ते पुन्हा स्वच्छ पाण्यात भिजवितात. शेवटी उंच मांडवांवर पसरून आर्द्रता सु. ११ टक्के होईपर्यंत वाळवितात. गराचा अंश न उरल्याने वाण, जमीन व उंची यांचे गुण पेयात स्पष्ट उतरतात; तीव्र पण सुखद आंबटपणा हे त्याचे वैशिष्ट्य होय.

प्रतवारी व विक्री : वरचे कवच काढल्यावर दाणे चाळण्यांनी निवडतात. सु. ७ मिमी.हून मोठे दाणे ‘एए’, त्याखालील ‘एबी’ आणि फळात एकच बी असलेले गोल दाणे ‘पीबी’ होत. प्रत आकारावरून ठरते. चव मात्र स्वतंत्रपणे चाखून पाहावी लागते. विक्री मुख्यतः नैरोबीच्या लिलावात होते. २००६ पासून परदेशी ग्राहकास थेट विकण्याचीही सोय झाली.

समस्या : धुण्यास पाणी पुष्कळ लागते आणि सांडपाणी न निवळता नदीत सोडल्यास तिच्यातील ऑक्सिजन घटून जलचर मरतात. म्हणून पाण्याचा पुनर्वापर व निवळण-खड्डे आवश्यक ठरतात. केन्याचे उत्पादन १९८७-८८ मध्ये सु. १,२८,००० मे. टन होते, पुढील दशकांत ते त्याच्या निम्म्याहून खाली आले. भावांतील चढउतार, रोगनिवारणाचा खर्च व शेतकऱ्याच्या हाती उशिरा पडणारे पैसे ही त्याची प्रमुख कारणे होत. नैरोबीलगतच्या कियांबू भागातील अनेक जुन्या मळ्यांच्या जागी घरे उभी राहिली आहेत. मळ्याच्या नावाने मिळणारा वाढीव भाव तोडणी करणाऱ्या मजुरापर्यंत कितपत पोहोचतो, यावरही या व्यवसायाचे स्थैर्य अवलंबून आहे.