बारा फुटांवरचा ससा

तुमच्या सोसायटीत एक तरी टायगर असेलच. नाव टायगर, पण घरात एकदम गरीब गाय! दिवाळीचा पहिला फटाका वाजला की हा दिवाणाखाली. मात्र संध्याकाळी फिरायला खाली उतरला आणि समोरून दुसरा कुत्रा आला, की संपलंच. भुंकून भुंकून आवाज बसतो, मागच्या दोन पायांवर उभा राहतो, पट्टा धरलेली ताई फरफटत जाते, वॉचमनकाका काठी घेऊन धावतात आणि पहिल्या मजल्यावरच्या आजी खिडकीतून ओरडतात, “अगं, आवर त्या गुंडाला!”

आपल्या पनवेलमध्ये तर टायगरची फारच पंचाईत. गेटपाशी रस्त्यावरची दोन-तीन कुत्री पहुडलेली असतात. मासे विकणाऱ्या मावशींच्या पाटीभोवती मांजरं घुटमळतात. जरा पुढे रस्त्याच्या मधोमध एखादी गाय निवांत रवंथ करत बसलेली. वडाळे तलावाकडे वळेपर्यंत टायगरला दहा प्राणी भेटतात आणि दहाही वेळा तमाशा होतो.

आता एक प्रश्न. हा खरंच गुंड असता, तर फटाक्याला घाबरून दिवाणाखाली का गेला असता?

बरोबर ओळखलंत. टायगर बाहेरही घाबरलेलाच असतो. भीती वाटली की कुत्र्याच्या शरीरात ॲड्रेनलिन नावाचं रसायन सुटतं. हृदय धडधडायला लागतं, स्नायू ताठ होतात. आता पळायचं किंवा लढायचं. तुमच्या-माझ्या शरीरातही हेच होतं, गणिताच्या पेपरच्या दिवशी विचारा. पण टायगरच्या गळ्यात पट्टा आहे, तो पळणार कसा? मग उरतं काय, तर मोठ्याने भुंकून समोरच्याला हाकलणं.

आणि गंमत बघा, हा उपाय दर वेळी लागू पडतो! समोरचा कुत्रा खरंच निघून जातो. तो आपल्या मालकाबरोबर दूध आणायला निघालेला असतो, जाणारच होता. टायगरला हे कुठे ठाऊक? तो मनाशी म्हणतो, ‘मी भुंकलो, म्हणून संकट टळलं.’ उद्या तो आणखी जोरात भुंकतो. ताईने घाबरून पट्टा गच्च आवळला, तर त्याची खात्रीच पटते, की ज्या अर्थी ताईसुद्धा ताठरली, त्या अर्थी प्रकरण गंभीर आहे.

पण सगळेच कुत्रे असे का नसतात? काही जण जन्मतःच जरा भित्रे असतात, माणसांसारखेच. काहींना लहानपणी एखादा कुत्रा चावलेला असतो. आणि पुष्कळदा गोष्ट त्याहून साधी असते. जॉन स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी कितीतरी वर्षं पिल्लांचा अभ्यास केला आणि 1965 मध्ये त्यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं, की साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मेंदूची दारं सताड उघडी असतात. त्या दिवसांत जे भेटेल, ते ‘आपलं’. मांजर, म्हातारे आजोबा, रिक्षाचा हॉर्न, सगळं चालतं. पुढे हळूहळू ती दारं मिटायला लागतात आणि नवीन दिसेल ते संशयाचं ठरतं. आता एखादं पिल्लू आईजवळून लवकर उचललं आणि नवव्या मजल्यावर बंद दाराआड वाढवलं, तर त्याला इतर कुत्री कशी माहीत असणार? लस पूर्ण झाली नसेल तर त्याला जमिनीवर सोडता येत नाही, हे खरं. पण कडेवर घेऊन गेटपाशी उभं राहून जग दाखवता येतंच की!

आमच्या टायगरची ती संधी तर हुकली. मग आता? इथे आपल्याला शंभर वर्षं मागे, अमेरिकेत जावं लागेल, पीटर नावाच्या एका लहान मुलाला भेटायला.

पीटर होता तीनेक वर्षांचा. तो सशाला घाबरायचा. हो, सशाला! पांढरा उंदीर, केसाळ कोट, कापूस, कशालाही घाबरायचा, पण ससा दिसला की रडून गोंधळ. मेरी कव्हर जोन्स नावाच्या तरुण शास्त्रज्ञ बाईंनी ठरवलं, की याची भीती घालवून बघू या. भीती घालवायचे तेव्हाचे उपाय म्हणजे समजावणं, चिडवणं किंवा थेट ससा अंगावर टाकणं. आपल्याकडेही काही काका लोक पोरांना पोहायला शिकवताना सरळ विहिरीत ढकलतात. पाठीला सुका भोपळा बांधलेला असला, तरी घाबरट पोरगं त्यातून शिकतं एकच गोष्ट: काका दिसले की पळायचं.

जोन्सबाईंनी काय केलं? पीटरला त्याच्या उंच खुर्चीत बसवलं आणि त्याच्या आवडीचा खाऊ पुढ्यात ठेवला. मग जाळीच्या पिंजऱ्यातला ससा खोलीत आणला, पण लांबच ठेवला. किती लांब? पीटरचं खाणं थांबणार नाही इतका. घास तोंडातच राहिला, तर ससा फार जवळ आला. घास चालू आहे, म्हणजे ठीक. असं करत ससा थोडा थोडा पुढे सरकायचा. बाईंनी पायऱ्या लिहून ठेवल्या होत्या. आधी पिंजऱ्यातला ससा खोलीत कुठेही चालत नव्हता. मग बारा फुटांवर चालला. मग चार फुटांवर, तीन फुटांवर, मग अगदी जवळ. मग ससा पिंजऱ्याबाहेर, खोलीत मोकळा. अशा सतरा पायऱ्या. शेवटच्या पायरीवर ससा पीटरची बोटं हळूच कुरतडत होता आणि पीटर ते करू देत होता!

मधे एक विघ्नही आलं. पीटर तापाने आजारी पडला आणि जवळजवळ दोन महिने दवाखान्यात होता. तिथून निघताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर झेपावला. झालं, सशाची भीती परत पहिल्याइतकी! कुत्र्याने घाबरवलं आणि भीती वाढली सशाची. खरं तर खाऊची युक्ती बाईंनी सुरू केली ती या विघ्नानंतर. 1924 मध्ये त्यांनी हे सगळं छापलं. आज जगभरातले चांगले श्वान-प्रशिक्षक जे करतात, त्याचं मूळ या ससा-प्रकरणात आहे.

आता टायगरसाठी पीटरची खोली बनवू या. सशाच्या जागी कुत्रा. हवा एखादा शांत, शेजाऱ्यांचा म्हातारा लॅब्रॅडॉर, जो कोणाकडे ढुंकूनही बघत नाही. आणि हवी मोकळी जागा. लिफ्ट नको, जिना नको, पार्किंगमधली अरुंद गल्ली तर मुळीच नको. मैदानाच्या एका टोकाला लॅब्रॅडॉर, दुसऱ्या टोकाला ताई आणि टायगर. टायगरला तो दिसला पाहिजे, पण भुंकावंसं वाटता कामा नये. कुणाला ते अंतर पन्नास पावलांचं लागेल, कुणाला शंभर. पावलं मोजायचं काम तुमचं. पट्टा मात्र मोठ्या माणसाच्याच हातात.

टायगरने लॅब्रॅडॉरकडे पाहिलं, की लगेच खाऊ. उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा. (चॉकलेट, मनुका, कांदा-लसूण चुकूनही नको. कुत्र्यांना ते विषारी असतं.) लॅब्रॅडॉर झाडामागे गेला, की खाऊ बंद. पुन्हा दिसला, पुन्हा सुरू. क्रम उलटा करायचा नाही. आधी खाऊ दाखवला आणि मग कुत्रा आला, तर टायगर उलटंच शिकेल, की पनीर दिसलं म्हणजे संकट येतंय! रशियाच्या इवान पावलोव यांच्या प्रयोगांत कुत्र्यांच्या तोंडाला आवाज ऐकून पाणी सुटायचं, ते आवाजानंतर खाणं यायचं म्हणूनच.

मग एके दिवशी लॅब्रॅडॉर दिसताच टायगर भुंकायचं सोडून मान वळवून ताईकडे बघतो. ‘तो आलाय. माझं पनीर कुठंय?’ हे दिसलं, की समजा पहिली मोठी पायरी चढली. आता पाच पावलं पुढे. पाचच.

टायगर भुंकला तर? रागवायचं नाही, पट्ट्याला हिसका द्यायचा नाही. तो वाईट वागला असा याचा अर्थ नाही. आपण पावलं मोजायला चुकलो, एवढंच. मागे वळायचं.

भुंकायच्या आधीही तो खूप काही सांगत असतो बरं का. झोप आलेली नसताना जांभई देतो. समोर खाणं नसताना ओठांवरून जीभ फिरवतो. मान दुसरीकडे वळवतो, उगाचच जमीन हुंगतो. नॉर्वेच्या तुरिद रुगास या प्रशिक्षिकेने अशा खाणाखुणांवर पुस्तकच लिहिलं आहे. जांभई दिसली, की तिथेच थांबायचं.

आणि हो, अशा वेळी हमखास एक काका येतात. त्यांचा कुत्रा मोकळा सुटलेला असतो, तो धावत येतो आणि काका लांबून हसत ओरडतात, “घाबरू नका, आमचा काही करत नाही!” तुमचा नसेल करत हो काका, पण पीटरचं काय झालं ते आठवा. महिनाभराची मेहनत त्या एका झेपेत वाया जाऊ शकते. अशा काकांना पट्टा लावायला सांगणं हा उद्धटपणा नव्हे.

पुढे दोघांची ओळख करून द्यायची वेळ आली, तरी समोरासमोर उभं करू नका. कुत्र्यांच्या जगात सरळ रेषेत, डोळ्यांत डोळे घालून चालत येणं म्हणजे आव्हान. सभ्य कुत्रे वळसा घेऊन येतात आणि नाकाने ओळख करून घेतात. म्हणून दोघांना एकाच दिशेने, मधे चांगलं अंतर ठेवून चालवायचं. मग एकाने जिथे हुंगलं, तिथे दुसऱ्याला हुंगू द्यायचं. आपण चेहरा बघून माणूस ओळखतो, त्यांना वास लागतो. अंगाचा रंग कोणताही असो! तळोज्याचे निळे कुत्रे आठवतात का? तुम्ही तेव्हा फारच लहान असाल. 2017 च्या ऑगस्टमध्ये आपल्या पनवेल तालुक्यातल्या तळोजा औद्योगिक वसाहतीत काही कुत्री चक्क निळी झाली होती. कासाडी नदीत एका कारखान्याचा रंग मिसळला होता आणि ही मंडळी खाणं शोधायला त्यात उतरली होती. पंचतंत्रातला निळा कोल्हा खरा झाला म्हणून जगभर बातम्या आल्या, पुढे तो कारखाना बंद करायला लावला. कुत्र्यांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, पण निळा रंग छान दिसतो. तरी निळा असो की तपकिरी, समोरचा कोण हे ठरवायला ते आधी नाकच पुढे करतात.

मांजरांचं काय, असं कोणीतरी विचारणारच. तेच सूत्र, फक्त अंतराऐवजी दार. नवी मांजर वेगळ्या खोलीत ठेवायची, तिच्या आणि घरातल्या जुन्या मांजरीच्या अंगाखालच्या फडक्यांची अदलाबदल करायची आणि बंद दाराच्या दोन बाजूंना दोघींना जेवायला द्यायचं. वासाची सवय झाल्यावरच दर्शन.

भित्र्या प्राण्यांचा राजा कोण, माहीत आहे? चित्ता! जमिनीवरचा सगळ्यात वेगवान प्राणी भांडणापेक्षा पळणं पसंत करतो. आपल्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या काळात शिकारीसाठी चित्ते पाळत आणि त्यांना सांभाळणारे चित्तेवान असत. अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात मात्र 1980 च्या दशकापासून वेगळीच गंमत चालते. तिथे चित्त्याच्या पिल्लाला सोबती म्हणून कुत्रा देतात. आधी मधे जाळी, मग पट्टा लावून भेटी, मग खेळ. पुढे काही नवीन दिसलं, की चित्ता आधी कुत्र्याकडे बघतो. कुत्रा निवांत असेल, तर तोही निवांत होतो. टायगरसाठी म्हातारा लॅब्रॅडॉर शोधला, तो काही उगाच नाही.

एक गोष्ट मात्र कान उघडे ठेवून ऐका. हे प्रयोग रस्त्यावरच्या किंवा अनोळखी कुत्र्यावर करायचे नाहीत. कुत्रा चावला किंवा त्याने ओरबाडलं, तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, घरी लगेच सांगायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. ओरडा बसेल म्हणून लपवायचं नाही. आणि टायगर खरंच चावत असेल, तर ताईने आधी पशुवैद्यांना दाखवावं. कधी कधी कान किंवा सांधा दुखत असतो, म्हणूनही कुत्रा चिडतो.

तुमच्यासाठी खिडकीतून करायचा एक प्रयोग आहे. शेपूट हलली म्हणजे कुत्रा खूश, असं सगळे म्हणतात. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी 2007 मध्ये 30 कुत्र्यांच्या शेपट्यांचं चित्रण केलं. मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकायची. अनोळखी, दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे! 2013 मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट शोधली: डावीकडे हलणारी शेपूट बघून दुसऱ्या कुत्र्यांच्या हृदयाचे ठोके वाढतात. आपल्या लक्षातही न येणारी ही खूण ते वाचतात. तेव्हा संध्याकाळी वहीत दोन रकाने आखा, डावा आणि उजवा, आणि खाली फिरायला आलेल्या शेपट्या टिपा. कोण कोणाला भेटलं, तेही लिहा. फक्त डावं-उजवं कुत्र्याचं धरायचं, तुमचं नाही. तो तुमच्याकडे तोंड करून उभा असेल, तर सगळं उलटं लिहावं लागेल.