पोटातील गुप्त अंतर्गळ

जांघेत किंवा बेंबीपाशी फुगवटा आला, की तो अंतर्गळ, म्हणजेच हर्निया असावा, हे घरातील वडीलधारी माणसेही ओळखतात. परंतु अंतर्गळाचा एक प्रकार असा आहे, की जो बाहेरून मुळीच दिसत नाही.

आपले लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब असते. ज्यातून रक्तवाहिन्या येतात अशा एका पातळ पडद्याने ते पोटाच्या मागील भिंतीस जोडलेले असते. क्वचित पोटातील अशा पडद्यांत जन्मतःच एखादी फट राहते, किंवा शस्त्रक्रियेनंतर ती उत्पन्न होते. तीत आतड्याचे वेटोळे शिरले, म्हणजे त्यास अंतःस्थ अंतर्गळ म्हणतात. कित्येकदा ते आपोआप परत येते व कळ थांबते. म्हणूनच रोगी गाफील राहतो. ते अडकून पीळ पडला, तर मात्र रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांतच आतडे मरू लागते.

इंदूरला १८७८ साली वैद्यकीय शाळा निघाली, तेव्हा क्ष-किरणांचाही शोध लागलेला नव्हता. तो राँटगेन यांनी १८९५ साली लावला. त्या काळी असा रोग पोट उघडल्यावर, नाहीतर मृत्यूनंतरच कळे. साध्या क्ष-किरण चित्रातही एकावर एक पडलेल्या सावल्याच दिसतात. सी.टी. स्कॅन यंत्रात मात्र क्ष-किरणांची नळी रोग्याभोवती फिरते, आणि अनेक बाजूंनी घेतलेल्या मोजमापांवरून संगणक शरीराचे पातळ काप चित्ररूपाने दाखवितो. हाउन्सफील्ड यांच्या या यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रोग्याच्या मेंदूची तपासणी झाली.

या चित्रांत तज्ज्ञ काय पाहतात? पिशवीत कोंबल्यासारखा, भलत्याच जागी जमलेला आतड्यांचा पुंजका; भोवऱ्याप्रमाणे गुंडाळलेल्या रक्तवाहिन्या; आणि अडथळ्यामागे फुगलेले आतडे. शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य दिले असता, रक्त पोहोचणारी आतड्याची भिंत उजळते. ती उजळली नाही, तर आतड्याचे प्राण धोक्यात आहेत असे समजावे. मग शल्यविशारद वेटोळे सोडवून फट शिवून टाकतात. मृत झालेला भाग कापून काढावा लागतो.

तथापि यंत्रासही कधी अंतर्गळ सापडत नाही. शिवाय त्यात किरणांची मात्रा साध्या चित्रापेक्षा पुष्कळ अधिक असल्याने, प्रत्येक पोटदुखीला ते वापरावयाचे नसते. ओवा-हिंगाने शमणारी पोटदुखी निराळी. विद्यार्थी मित्रहो, असह्य कळा, वारंवार ओकाऱ्या, पोट फुगणे किंवा शौच व वायू बंद होणे, अशी लक्षणे दिसली तर दुखणे अंगावर काढू नये. वडीलधाऱ्यांस लगेच सांगावे आणि रुग्णालय गाठावे. यंत्र कितीही तीक्ष्ण दृष्टीचे असो, रोगी वेळेवर पोहोचला तरच त्या दृष्टीचा उपयोग!