राज्यघटनेतली विहीर

भारताच्या राज्यघटनेतलं कलम १५ काढा आणि त्याचा दुसरा भाग वाचा. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, आणि पुढे चक्क विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणत्याही नागरिकाला इथे अडवता येणार नाही, असं हे पोटकलम सांगतं. राष्ट्रपती, संसद आणि सर्वोच्च न्यायालय यांच्या पंक्तीला आपल्या घटनाकारांनी गावचा पाणवठा बसवला आहे. ही ओळ वाचताना मला दर वेळी नव्याने नवल वाटतं.

कायद्यापुढे सगळे समान, हे आधीच्याच कलमात सांगून झालेलं आहे. मग विहिरीचं वेगळं नाव कशाला? कारण नाव घेतल्याशिवाय विहीर उघडत नाही, हे महाडने दाखवून दिलं होतं.

सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली मंजूर केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे सरकारदरबारी सगळं रीतसर झालेलं होतं. तरीही त्या तळ्यावर जायची कुणा अस्पृश्याची प्राज्ञा नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे लोक तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर महाडच्या या परिषदेसाठी जमलेल्यांवर हल्ले झाले, शेण-गोमूत्र घालून तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला.

काही स्पृश्य रहिवासी कोर्टात गेले. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असा त्यांचा दावा होता. खटला जवळजवळ दहा वर्षं चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात आंबेडकरांच्या बाजूने निकाल लागला. पण निकालाचं कारण बघा. माणसं समान आहेत म्हणून हा विजय मिळाला नव्हता. ती रूढी अनादी असल्याचं फिर्यादींना सिद्ध करता आलं नाही, म्हणून मिळाला होता. पुरावा भक्कम असता तर? ही पळवाट पुढे घटनेच्या कलम १३ ने बुजवली. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेली रूढी, मग ती कितीही जुनी असो, तेवढ्यापुरती रद्द ठरते.

आता थोडं मागे, १९३० च्या लंडनला जाऊ. गोलमेज परिषदेत आंबेडकर आणि मद्रासचे रेट्टमलै श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची एक योजना मांडली. कुठल्या जागी कुणाला अडवणं हा गुन्हा ठरावा, याची तिच्यात यादी आहे आणि तिचा आधार म्हणून अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा उल्लेख आहे. सगळी माणसं समान निर्माण झाली आहेत, असं १७७६ साली जाहीर करून त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं गुलामगिरी चालू ठेवलेल्या देशाने, ती संपल्यावर कृष्णवर्णीयांसाठी केलेले हे कायदे. १८७५ च्या कायद्यात खाणावळी-मुक्कामाच्या जागा, जमिनीवरची आणि पाण्यावरची वाहनं, नाट्यगृहं आहेत. विहीर नाही. आंबेडकरांच्या यादीत मात्र रस्ते, पायवाटा, तलाव, विहिरी आणि इतर पाणवठे आले आहेत. महाडहून गेलेल्या माणसाने अमेरिकी कायद्यात आपल्याकडचं पाणी भरलं!

१८७५ च्या त्या अमेरिकी कायद्याचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. १८८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यातली मुख्य कलमं रद्द केली. खासगी खाणावळवाल्याच्या वागण्यावर बंधन घालण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, घटनेने दिलेला नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. तसा कायदा पुन्हा यायला १९६४ साल उजाडलं. आपल्याकडे मात्र खासगी माणसावरचं हे बंधन थेट घटनेतच घातलं गेलं. एरवी मूलभूत हक्क बहुतांशी सरकारविरुद्ध असतात. इथे दुकानदारही बांधला गेला आहे.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत यावर चर्चा झाली. ‘दुकान’ कशाला म्हणायचं, असा प्रश्न आला. येईल त्याला आपली सेवा द्यायला जो बसला आहे त्याची जागा म्हणजे दुकान, असं आंबेडकरांनी उत्तर दिलं. डॉक्टर-वकीलही त्यात आले का? आले, ते म्हणाले. पुढे २०११ मध्ये खासगी शिक्षणसंस्थांना हे पोटकलम लागू होतं असं ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने याच उत्तराचा आधार घेतला. अस्पृश्यता नष्ट करणारं कलमही त्याच दिवशी, ‘महात्मा गांधी की जय’च्या गजरात, मंजूर झालं होतं.

ती नष्ट झाली का? २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात, आपल्या घरात कोणत्या ना कोणत्या प्रकारे अस्पृश्यता पाळली जाते, असं सुमारे २७ टक्के कुटुंबांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. त्यात एक प्रश्न स्वयंपाकघराचा होता: अनुसूचित जातीची व्यक्ती आत आली किंवा तिने भांडी वापरली तर चालेल का? २०११ च्या जनगणनेत घराच्या आवारातच पाणी असलेली कुटुंबं एकूण सुमारे ४७ टक्के होती, अनुसूचित जातींमध्ये सुमारे ३५. ज्यांच्या घरी पाणी कमी पोचलं आहे, त्यांनाच सार्वजनिक पाणवठ्याची गरज जास्त.

म्हणून कुठे अडवायचं नाही याची ती यादी अजून वाढतेच आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याची सुधारणा २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. नदी, ओढा, झरा, विहीर, तलाव, टाकी यांच्याबरोबर तिच्यात नळही आला. आणि पुढे, दलित-आदिवासींना चारचौघांत सायकल किंवा मोटारसायकल चालवू न देणं, पायात वहाणा किंवा अंगावर नवे कपडे घालू न देणं, लग्नाची वरात काढू न देणं, घोड्यावर बसू न देणं हे सगळं गुन्हा म्हणून एकेक करून लिहावं लागलं. यातला एकही शब्द मसुदा लिहिणाऱ्याने कल्पनेने घातलेला नाही. प्रत्येकामागे कुणाला तरी कुठल्या तरी गावात खरोखर अडवलेलं आहे.