विश्लेषण : वाटीत कोळसा निघाला तर? गोंदियातील तिबेटी ‘लोसार’चे जेवण नेमके असते कसे?

महाशिवरात्रीला अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडची यात्रा भरते, हे पूर्व विदर्भात सर्वांना ठाऊक आहे. यात्रेची गर्दी ओसरते न ओसरते तोच त्याच परिसरात दुसऱ्या एका सणाच्या कढया चढतात. त्याची खबर मात्र तालुक्याबाहेर फारशी जात नाही. हा सण म्हणजे ‘लोसार’, तिबेटी नववर्ष. तो साजरा होतो गोठणगाव-प्रतापगड भागातील नॉरग्येलिंग तिबेटी वसाहतीत.

गोंदियात तिबेटी आले कसे?

१९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागोमाग हजारो तिबेटी निर्वासित. केंद्र सरकारने त्यांना वेगवेगळ्या राज्यांत जमिनी दिल्या. महाराष्ट्रातील वसाहत १९७२ मध्ये उभी राहिली ती इथे, इटियाडोह धरणाच्या परिसरात. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण तिबेटी लोकांच्या बोलण्यात ही वसाहत अजूनही ‘भंडारा’च आहे.

ल्हासा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचावर आहे. तिथले मुख्य पीक जव. इथे आल्यावर हाती आली धानाची शेती. थंड पठारासाठी घडलेला सण धानपट्ट्यात साजरा करायचा, तोही उन्हाचा चटका सुरू होण्याच्या दिवसांत. ताटात काय टिकले आणि काय बदलले, हे त्यामुळेच पाहण्यासारखे आहे.

लोसार दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतो?

‘लो’ म्हणजे वर्ष, ‘सार’ म्हणजे नवे. तिबेटी पंचांग आपल्यासारखेच चांद्र-सौर आहे, त्यातही अधिक महिना धरावा लागतो. माघातील अमावास्येच्या आदल्या दिवशी महाशिवरात्र आणि अमावास्या उलटली की लोसार, असे बहुतेक वर्षी घडते. २०२५ मध्ये महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती आणि लोसार २८ फेब्रुवारीला. २०२६ मध्ये याच तारखा १५ आणि १८ फेब्रुवारी. अधिक महिन्याचा हिशेब जुळला नाही, तर दोन्हींत महिनाभराचे अंतर पडते. २०२४ मध्ये तसेच झाले. लोसार १० फेब्रुवारीला होऊन गेला आणि महाशिवरात्र आली ८ मार्चला.

व्हिएतनामचा ‘तेत’ही याच चंद्रावर चालतो. २०२६ मध्ये तो लोसारच्या एकच दिवस आधी, १७ फेब्रुवारीला होता. त्याचा मान ‘बान चुंग’चा. चिकट तांदूळ, मूगडाळ आणि डुकराचे मांस पानात चौकोनी बांधून दहा-बारा तास उकळतात. भातखाऊ देशाचा सण भाताचा. तिबेटींचा सण मात्र पिठाचा, आणि त्याची सुरुवात होते वर्ष संपण्याआधीच.

‘गुथुक’ म्हणजे काय?

तिबेटी बाराव्या महिन्याच्या २९ व्या तिथीची संध्याकाळ. या रात्री घरोघरी गुथुक शिजते. ‘गु’ म्हणजे नऊ आणि ‘थुक’ म्हणजे थुक्पा. नाव सांगते त्याप्रमाणे नऊ जिन्नस घालायचे असतात. मुळा, वाटाणे, पालेभाजी, मांस, ‘छुरा’ नावाचे सुकवलेले चीज, शिवाय शिंपल्यासारखी वळलेली कणकेची छोटी फुले. नऊ कोणते, यावर घराघरांत एकमत नाही. आपल्या गोडा मसाल्यासारखेच ते.

खरी गंमत असते ती प्रत्येकाच्या वाटीत येणाऱ्या एका मोठ्या गोळ्यात. तो खायचा नसतो, फोडायचा असतो. आत चिठ्ठी किंवा एखादी वस्तू दडवलेली असते. मिरची निघाली तर तो माणूस बडबड्या. कोळसा निघाला तर काळ्या मनाचा. लोकर निघाली तर मऊ स्वभावाचा. मीठ निघाले तर आळशी. अर्थ घरागणिक थोडे बदलतात. पण आजोबांच्या वाटीत कोळसा निघाला की हसे सगळीकडे सारखेच होते. वर्षभर न बोललेले या रात्री गोळ्याच्या तोंडून बोलून घेतात, असे म्हणायला हरकत नाही.

गुथुक पूर्ण संपवायचे नसते. वाटीत थोडे ठेवतात. कणकेचा एक तुकडा अंगावरून, दुखऱ्या जागांवरून फिरवतात, म्हणजे आजार त्यात उतरावा. मग तो तुकडा, उरलेले गुथुक आणि कणकेची एक बाहुली घेऊन, पेटती मशाल नाचवत सगळे घराबाहेर पडतात. ‘निघा बाहेर’ अशा अर्थाची आरोळी देत ते चौकात टाकून येतात. गोंदियाच्या वाचकाला हे दृश्य नवे वाटणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नारबोद गावाबाहेर काढताना इथेही रोगराईलाच हाकलतात.

देवघरातले ‘गाढवाचे कान’

लोसारची ओळख म्हणजे खापसे. मैदा, तूप किंवा लोणी, साखर मळून तळलेला हा पदार्थ चवीला शंकरपाळ्याचा भाऊ. आकार मात्र अनेक. काही पिळलेले, काही जाळीदार, आणि सर्वांत मोठे ‘भुंगु आम्चो’, म्हणजे गाढवाचे कान. हे लांबट, पन्हाळीसारखे कान देवापुढे एकावर एक रचून मनोरा करतात. त्यावर सुकामेवा, मिठाई, फळे. शेजारी कुंडीत उगवलेले जव किंवा गव्हाचे हिरवे कोंब, आपल्या घटासारखे.

मोठे कान तळणे एकट्याचे काम नाही. एकाने लाटायचे, एकाने घडी घालायची, तिसऱ्याने कढईत आकार मोडू न देता धरायचे. म्हणून शेजारीपाजारी, नातलग मिळून हे काम करतात.

पहिल्या दिवशी काय खातात?

पहाटे उठून आधी ‘छांगकोल’. छांग ही जवाची किंवा तांदळाची सौम्य दारू. ती गूळ, छुरा आणि त्साम्पा घालून गरम करतात. त्साम्पा म्हणजे भाजलेल्या जवाचे पीठ. मग ‘द्रेसिल’ : लोणी, साखर, मनुका घातलेला गोड भात. त्यात ‘द्रोमा’ नावाची रताळ्याच्या चवीची बारीक मुळेही पडतात. ती तिबेटी पठारावरची. मिळाली नाहीत तर मनुकांवर भागवावे लागते. तांदूळ मात्र इथे घरचा. धानपट्ट्यात आल्याने सणातला एकच पदार्थ सोपा झाला असेल तर तो हा.

पाहुण्यापुढे ‘छेमार’ धरतात. दोन खणांच्या लाकडी पेटीत एकीकडे लोण्यात कालवलेला त्साम्पा, दुसरीकडे धान्य. चिमूटभर घेऊन तीनदा हवेत उडवायचे, थोडे तोंडात टाकायचे आणि ‘ताशी देलेक’ म्हणायचे.

मग अडचण कुठे आहे?

हातांची. वसाहतींमधील अनेक कुटुंबे हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकतात. ते परतल्यावर घर भरते आणि लोसार त्याच सुमारास येतो. पण परतणाऱ्यांत तरुण कमी होत आहेत. तिबेटी प्रशासनाच्या २००९ च्या गणनेत भारतात ९४,२०३ तिबेटी होते. त्यानंतर ही संख्या घटली. अमेरिका, कॅनडा, युरोपकडे जाणाऱ्यांचा ओघ हे त्याचे एक मोठे कारण.

सण साजरा न करणे हाही या समाजाने वापरलेला मार्ग आहे. तिबेटमधील २००८ च्या आंदोलनात मेलेल्यांसाठी २००९ मध्ये, आणि आत्मदहनांच्या पार्श्वभूमीवर २०१२ मध्येही, अनेक तिबेटींनी लोसारची मेजवानी, नाचगाणी टाळली. पूजा तेवढी केली. तेव्हा कढई ठरवून उतरवली होती. आता ती चढवायला माणसे जमवावी लागतात, हा फरक आहे.

पुढचा लोसार ७ फेब्रुवारी २०२७ रोजी आहे. महाशिवरात्र त्यानंतर महिनाभराने, ६ मार्चला. म्हणजे यंदासारखी यात्रा आधी होणार नाही, आणि स्वेटरचा हंगाम संपल्यावर खापसे तळायला मिळणारे दिवसही ११ ने कमी असतील.